ईएसजी डॅशबोर्ड वर्षभर वापरला, फौंड्रीवाल्यांनी वाचा

आमची शिरोली एमआयडीसीत कास्टिंगची फौंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचं काम. कस्टमर लिस्टेड कंपनी, सेबीनं 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर रिपोर्ट (पर्यावरण, कामगार आणि कारभाराचा हिशेब) कंपल्सरी केला तसं हळूहळू सप्लायरकडं पण विचारणा सुरू झाली, वीज किती, पाणी किती, कचरा किती, अपघात किती. एक्सेल भरून भरून कंटाळलो आणि गेल्या वर्षी हाच हिशेब ठेवणारं एक ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) सॉफ्टवेअर घेतलं, नाव मुद्दाम देत नाही.

चांगलं आधी सांगतो. लाईट बिल आणि डिझेलची बिलं अपलोड केली की कार्बनचा आकडा तयार. डिझेल म्हणजे लिटरमागं साधारण 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड, विजेला सेंट्रल इलेक्ट्रिसिटी अथॉरिटीचा फॅक्टर, म्हणजे युनिटमागं किती कार्बन तो आकडा, लागतो, 2022-23 चा युनिटला 0.716 किलो. हे सगळं आत बसवलेलं आहे, कुठून घेतलं तेही दिसतं, ऑडिटरला दाखवायला बरं पडतं.

आता घोळ. आमचं एचटी (हाय टेन्शन) कनेक्शन, बिलिंग केव्हीएएचवर होतं, आणि हे सॉफ्टवेअर तोच आकडा केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिटं म्हणून उचलत होतं! पॉवर फॅक्टर (या दोन आकड्यांचं गुणोत्तर) चांगला असल्यानं फरक थोडाच, पण चूक ती चूकच, सपोर्टला सांगून दुरुस्त व्हायला दीड महिना गेला.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पहिल्या पानावर मोठ्ठ्या अक्षरात दिसतं ते रुपयाच्या टर्नओव्हरमागं उत्सर्जन. अहो स्क्रॅप महाग झालं की कास्टिंगचा रेट वाढतो, टर्नओव्हर फुगतो आणि एक युनिट न वाचवता तुमचा ग्राफ खाली येतो. रिपोर्टला तो आकडा लागतो हे मान्य, पण शॉप फ्लोअरला त्याचा काय उपयोग? मी सेटिंगमध्ये जाऊन टनामागं करून घेतलं, आणि तेही मेल्टिंगच्या टनामागं नाही, गुड कास्टिंगच्या, म्हणजे तपासणीत पास झालेल्या मालाच्या टनामागं. तेव्हा खरं चित्र दिसलं, म्हणजे भट्टीचा टनामागचा आकडा तसाच पण रिजेक्शन वाढलेल्या महिन्यात गुड टनामागं वीज सरळ वर, कारण तेच लोखंड परत वितळवतोय आपण. त्या एका ग्राफसाठी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

पण सेफ्टीचा भाग मला अजिबात पटला नाही. 10 लाख मनुष्य-तासांमागं किती लॉस्ट टाइम अपघात (ज्यात माणसाचं काम बुडतं असे) हे मोजायचं असतं, आणि यात डिफॉल्ट फक्त पर्मनंट माणसं धरलेली. आमच्याकडं फेटलिंगला (कास्टिंगच्या जादा कडा काढून साफ करायला), ग्राइंडरवर, सगळी कॉन्ट्रॅक्टची पोरं आहेत, बोटाला डोळ्याला लागतं ते त्यांनाच. त्यांना वगळून आलेला शून्य मला कुणाला दाखवायचा नाही. कॉन्ट्रॅक्टरकडून हजेरी मागवून तास मी स्वतः भरतो.

5 पैकी साडेतीन. रिन्यू केलंय. घेणार असाल तर डेमोला स्वतःचं लाईट बिल आणि कॉन्ट्रॅक्टरचं हजेरी रजिस्टर घेऊन बसा, त्यांच्या तयार सॅम्पल डेटावर जाऊ नका.