शिवडीचा 'अस्सल' इंजिन रंग आणि माझे ५०,५८० रुपये

आजोबांच्या ट्रकच्या इंजिनासाठी 'जुना, अस्सल' म्हणून घेतलेल्या रंगात मी फसलो. त्याचा आकडा आधीच सांगून टाकतो. रंगाचे चार डबे, प्रत्येकी ६,८५०, म्हणजे २७,४००. 'त्याच स्टॉकमधला' प्रायमर ४,२००. 'अस्सलपणाचा दाखला' ३,५००. कुरिअर आणि विमा १,१८०. इथपर्यंत ३६,२८० रंग विकणाऱ्या माणसाने नेले. वर रंग मारण्याची मजुरी ६,५०० आणि तोच रंग खरवडून इंजिन पुन्हा नागडं करण्याचे ७,८००. एकूण ५०,५८०. निवृत्त माणसाचे पैसे आहेत हे. महिनाभर कुणाला बोललो नाही. पुण्याला असलेल्या मुलालाही अजून सांगितलेलं नाही, तो हे वाचेल तेव्हा त्याला कळेल.

आमच्या घरी आजोबांचा शेवरोले ट्रक आहे, १९४८चा. काटोलच्या बागांतून नागपूरच्या बाजारात संत्री आणायला घेतलेला. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला कारखाना होता. १९२८ पासून तिथे गाड्यांची जुळणी होत असे आणि १९५४ला ते काम बंद झालं. आमचा ट्रक तिथूनच निघालेला. मागची सागवानी बॉडी मात्र इकडच्या सुतारांनी बांधली. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा बहुतेकांनी असल्या गाड्यांत पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवलं. आजोबांनी नाही बसवलं. त्यामुळे २१६ घनइंचाचं मूळ सहा सिलिंडरचं इंजिन आजही त्यात आहे, ज्याला तिकडे अमेरिकेत 'स्टोव्हबोल्ट' म्हणतात तेच. बाबांना यंदा ८६ पूर्ण झाली. ट्रक घरी आला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्यांना पुन्हा एकदा त्या सीटवर बसवायचं, एवढ्यासाठी मी हे काम काढलं. इंजिनाच्या रंगासाठी एवढा खटाटोप काहून, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. बॉनेट उघडलं की बाबांना त्यांच्या लहानपणचा राखाडी दिसला पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सॅप गटात मी विचारलं की या इंजिनाचा बरोबर राखाडी कुठे मिळेल. अर्ध्या तासात खासगीत मेसेज आला. माणूस मुंबईचा, बोलणं मऊ. आजोबा शिवडीच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते म्हणे. १९५४ला टाळं लागलं तेव्हा त्यांनी इंजिन रंगाचे सीलबंद डबे घरी आणून ठेवले, त्यातले शेवटचे चार उरलेत. मी टपाल खात्यातून निवृत्त झालो हे बोलता बोलता त्याने काढून घेतलं आणि मग म्हणाला, "काका, तुम्ही सरकारी खात्यातले, तुमच्याशी खोटं बोलून मी कुठे जाणार?"

वर एक भीती घातली. २०२१चे विंटेज नोंदणीचे नियम आलेत, मूळ रंग आणि त्याचा दाखला नसेल तर आरटीओ गाडी नाकारतं, म्हणून ३,५००चा दाखला घ्या. ते नियम मी नंतर वाचले. ते दुचाकी आणि प्रवासी चारचाकीसाठी आहेत. ट्रक त्यात बसतच नाही, आणि रंगाच्या खासगी दाखल्याचा त्यात कुठे उल्लेख नाही. नियमाचा धाक दाखवून कुणी काही विकत असेल तर पैसे देण्याआधी तो नियम स्वतः उघडून वाचा. मी पैसे दिल्यावर वाचला.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही तो सांगतो.

त्याने डब्याचे फोटो पाठवले. पिवळट पडलेलं लेबल, कडेला गंज, जुन्या वळणाची अक्षरं. मी फोटो मोठा करून पाहिला, एकदा नाही, चार-पाच वेळा. खालच्या ओळीत छापलं होतं: शिवडी, मुंबई ४०० ०१५. मी ते वाचलं. वाचून मला बरं वाटलं, की चला, पत्ता बरोबर आहे, शिवडीचा पिन हाच.

३४ वर्षं मी टपाल खात्यात काढली. त्यातली कितीतरी वर्षं सॉर्टिंगला, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, ४४० ००१च्या शिक्क्याखाली. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, नवीन पोरं कामावर आली की मीच त्यांना हे सांगायचो. १९५४ला बंद पडलेल्या कारखान्याच्या डब्यावर १९७२चा पिनकोड कसा येईल? हा प्रश्न शाळेतल्या पोराला पडला असता. माझ्यासमोर तो सहा आकडी नंबर होता, तो बरोबर आहे का हेसुद्धा मी तपासलं, आणि तो तिथे असायलाच नको हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्याच लेबलवर 'मुंबई' होतं, 'बॉम्बे' नव्हतं. आणि '१ लिटर' होतं. मेट्रिक मापं आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, त्याआधी रंग गॅलन आणि पाइंटात मोजायचे. एका लेबलवर तीन खोटी, आणि मी कागदाचा पिवळेपणा बघत बसलो. रात्री अजून जाग येते ती याच ओळीने.

माझ्या बाजूने एवढंच म्हणतो की मी आंधळेपणाने उडी मारली नव्हती. आठ दिवस घेतले. फोनवर आडवे प्रश्न विचारले. २१६ इंजिन १९३७ ते १९५३ चाललं आणि राखाडीच असायचं, हे त्याला पाठ होतं. पुढच्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनांना नारिंगी रंग आला हेही त्याने आपणहून सांगितलं. इतकं जाणणारा माणूस लबाड असेल असं वाटलं नाही. ही माहिती कुणालाही दहा मिनिटांत मिळते हे तेव्हा सुचलं नाही. आधी ५,००० बयाणा मागितला, मग "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून त्याच रात्री बाकीचे. यूपीआयवर खात्याचं नाव भलतंच आलं. म्हणाला, मेव्हण्याचं आहे. नाव जुळत नसेल तर तिथेच हात आखडा. कसला मेव्हणा आणि कसलं काय.

डबे आले, सील होतं. मिस्त्रीने झाकण उघडून काडी फिरवली आणि गप्प झाला. मग म्हणाला, "काका, सत्तर वर्षांचा रंग इतका पातळ राहते का जी? वर साय नाही, खाली गाळ नाही." मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, सीलबंद होता, तू मार. पोरगा बिचारा खरं बोलत होता. जुन्या तेली रंगाच्या डब्यात वर जाड कातडं धरतं आणि रंगद्रव्य बुडाशी दगडासारखं बसतं. डबा उघडल्यावर रंग ताज्या दुधासारखा निघाला तर तो ताजाच आहे, लेबल काहीही म्हणो.

ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं मुख्य लोखंडी धड, रॉकेलने धुतला, गंज काढला, प्रायमर, मग दोन हात. चार दिवस वाळवलं. दिसायला सुंदर, जरा निळसर वाटला, पण मी म्हटलं उजेडाचा फरक असेल. पाचव्या दिवशी इंजिन चालू केलं. एप्रिलचा शेवट, शेडमध्येच अंगातून धारा लागलेल्या. वीसेक मिनिटांत वास सुटला. मिस्त्री ओरडला, "बंद करा जी! रंग शिजून राहिला!" ब्लॉकवर फोड आले होते. हेडच्या कडेने रंग चिकट होऊन बोटाला लागत होता. कार्ब्युरेटरखाली पेट्रोलचे दोन थेंब सांडले होते, तिथे खालचं लोखंड दिसायला लागलं.

बाबा खुर्चीवर बसून बघत होते. ते उठले, काठी टेकत जवळ आले आणि म्हणाले, "हा आपला रंग नव्हेच." एवढंच बोलले आणि घरात गेले.

त्या रात्री मी रिकामा डबा बादलीत भिजत घातला. सकाळी पिवळं लेबल सुटून वर तरंगत होतं, चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलेलं असावं. खाली दुसरं लेबल. खिडकीच्या ग्रिलला मारतो तो साधा ऑइल पेंट, मागच्याच वर्षी भरलेला, वर छापील किंमत ३४० रुपये.

त्यानंतर मी दारं ठोठवायला निघालो.

पहिलं दार पोलीस ठाण्याचं. दीड तास बसवलं. मग समोरच्याने विचारलं, "रंग मिळाला ना तुम्हाले?" म्हटलं मिळाला, पण खोटा. "मंग ही फसवणूक कशी? हा दिवाणी वाद झाला." मी लेबल दाखवलं, पिनकोड समजावला. तो ऐकत होता आणि मोबाइल बघत होता. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला सांगितलं की आरोपी मुंबईचा, तिकडे जा. मी म्हटलं, हद्द कोणतीही असो, तक्रार नोंदवून पुढे पाठवता येते, झिरो एफआयआर आता कायद्यातच आहे. तर म्हणाले, "काका, तुम्ही आम्हाले कायदा शिकवता का?" चौथ्या खेपेला अर्जावर पोच मिळाली. एफआयआर नाही, नुसती पोच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, जे पूर्वी ४२० होतं, ते लावा असं अर्जात लिहिलंय. त्या अर्जाचं काय झालं हे विचारायला गेलो की नवीन माणूस बसलेला असतो आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. चार वेळा मी तिथे तेच सांगितलं, अनोळखी माणसांपुढे, की मी कसा फसलो. फसवणाऱ्याने एकदा लाज काढली, यांनी चारदा.

बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. कुरिअरवाल्याकडे पाठवणाऱ्याचं फक्त नाव आणि बंद फोन. ग्राहक तक्रारीसाठी एका कचेरीत गेलो तर आधी समोरच्याला नोटीस द्या म्हणाले. दिली. दाखल्यावर जो पत्ता होता तिथे स्पीड पोस्टने. अकरा दिवसांनी परत आली, पाकिटावर शेरा: 'अपुरा पत्ता'. हा शेरा मी स्वतः आयुष्यात किती पाकिटांवर मारला असेल. ते पाकीट हातात घेऊन मी दाराशीच बराच वेळ उभा होतो.

पैसे गेल्यागेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढे सरकायच्या आत अडकवता येते ती पहिल्या काही तासांत. मी मात्र रंग उकळेपर्यंत थांबलो, पैसे जाऊन १९ दिवस झाले होते. तेव्हा मला कुठे माहीत होतं की पैसे गेलेत?

रंगाचं जे मला आधी कळायला हवं होतं ते आता सांगतो. जुना डबा सापडला म्हणजे अस्सल रंग मिळाला, हा समजच खोटा आहे. सापडलाच तर तो निकामी असेल. अस्सल म्हणजे छटा आणि चमक बरोबर असणं, आणि ती छटा तुमच्या इंजिनातच लपलेली असते. बाजूचं कव्हर उतरवा, वॉटर पंप काढा, बोल्टच्या डोक्याखाली बघा. ऊन, तेल, धूर जिथे पोचले नाहीत तिथे मूळ रंगाचा नखाएवढा तुकडा मिळतोच. आमच्या मिस्त्रीने पंपामागे तो शोधला. मळकट, किंचित हिरवट झाक असलेला राखाडी, आरशासारखा चमकणारा नव्हे. त्यावरून सेंट्रल अव्हेन्यूच्या एका रंगवाल्याने उष्णता सोसणाऱ्या एनॅमलमध्ये छटा जुळवून दिली. सगळं इंजिन लिटरभरात झालं. तो मला चार डबे विकत होता, तेही मला खटकलं नाही.

घ्यायच्या आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारा, आठवडाभर वाळू द्या, मग पेट्रोलचा बोळा फिरवा आणि तव्यावर तापवा. जो विक्रेता नमुना द्यायला कां कूं करतो त्याच्याकडून काही घेऊ नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, हा रंग लावूच नका, तो भाग इतका तापतो की कुठलंही साधं एनॅमल जळून जातं. त्याला सिलिकॉनचा वेगळा रंग येतो, नाहीतर उघडं बीडाचं लोखंडच राहू द्या.

बाबांनी नवा रंग पाहिला. बोनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. सीटवर बसायचं म्हणाले नाहीत, मीही आग्रह केला नाही. दिवाळीत बघू.

दोन डबे मी सीलबंद ठेवलेत, लेबलासकट, पुरावा म्हणून. परवा दुसऱ्या एका गटात तोच फोटो आला. तोच गंज, तोच पिवळेपणा, ४०० ०१५. 'शेवटचे चार डबे.' भाव आता ७,४५० झालाय.