फ्रेंडशिप की बेबॅलिटी : सुट्टीत गावी कोणती डिस्क न्याल?

दिवाळीत गावी सगळी भावंडं जमली की टीव्ही एकच, कन्सोल एकच आणि मागे दिवाणावर आजी. अशा घरात मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा व्हिडिओ गेम लावायचा, तर लढत जिंकल्यावर मुंडकं उडवणारी फेटॅलिटी नको, हसू आणणारा शेवट हवा. तसे दोन आहेत, फ्रेंडशिप आणि बेबॅलिटी. दोन्ही १९९३ च्या मॉर्टल कॉम्बॅट टू मध्ये आले.

फ्रेंडशिपमध्ये जिंकणारा हरलेल्याला हातही लावत नाही. गेममधले लढवय्ये बघा : लिऊ कँग डिस्को नाचतो, कुंग लाओ टोपीतून ससा काढतो. पण त्या जुन्या गेममध्ये अट होती : जिंकायच्या राउंडला ठोशाचं एकही बटण दाबायचं नाही. मला ही अट फार आवडते. दोस्ती राउंडच्या आधीच ठरवावी लागते. समोरून चुलतभाऊ ठोशांवर ठोसे घालतो आणि आपण अंगठा आवरून लाथेची वेळ साधायची. मागच्या पोट्ट्यांना डाव कळला की ते ओरडतात, "ठोसा नको मारू बे!"

बेबॅलिटीत हरलेला आपल्याच पोशाखातलं तान्हं बाळ होतो. २०११ च्या मॉर्टल कॉम्बॅटमध्ये ती परत आली, तिथे शेवटच्या राउंडला ब्लॉक करायचा नाही. नवख्यांना हीच जास्त आवडते, कारण काही समजावून सांगावं लागत नाही.

घरी पीएस थ्री (प्लेस्टेशन थ्री कन्सोल) असेल तर २०११ ची डिस्क घ्या. बेबॅलिटी त्यात पहिल्यापासून आहे. पीएस फोर असेल तर मॉर्टल कॉम्बॅट इलेव्हन. त्यात जॅक्स सॅक्सोफोन वाजवतो, स्कॉर्पियन टॉक शो चालवतो. माझं मत इथेच पडतं, हे शेवट फार रंगून बनवलेत. मात्र फ्रेंडशिप त्यात मे २०२० च्या मोफत अपडेटने आली. २०१९ ची डिस्क नेटशिवाय लावली तर ती सापडणारच नाही, आणि गावात मोबाईलच्या डेटावर एवढा अपडेट उतरवणं कठीणच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. शेवट कितीही गोड असला तरी मधली लढत रक्ताचीच आहे. २०११ च्या गेममध्ये एक्स-रे मूव्हला हाडं मोडताना दिसतात. दोन्हींवर सतरा वर्षांवरच्यांसाठी असा शिक्का आहे. म्हणून बारकी पोरं अंगणात गेली की खेळा.

इलेव्हन ठरला, तर निघण्याआधी शहरातल्या वायफायवर अपडेट पूर्ण करा आणि मूव्ह लिस्टमध्ये फ्रेंडशिप दिसते का ते बघून घ्या.