घरानं ओळखावं की आपण सांगावं?

घराला स्मार्ट स्विच बसवायचे ठरले की प्रश्न हाच येतो: मोबाईलच्या लोकेशनवर चालणारे घ्यावेत, की एका कामाला एक बटण ठेवावं? मी दोन्ही वापरलंय.

लोकेशनचं सुख खरं आहे. कोल्हापूरहून रात्री परतताना दूधगंगेचा पूल ओलांडून घराशी पोचेपर्यंत फाटकावरचा दिवा लागलेला असायचा. कधी दोन-तीन मिनिटं उशीर व्हायचा, तेवढं चालतं.

आमचं घर कोगनोळीच्या अंगाला, अगदी महाराष्ट्र-कर्नाटकच्या हद्दीवर. मोबाईल कधी इकडचा टॉवर धरतो, कधी कागलकडचा. स्लॅबखाली जीपीएस नीट लागत नाही, आणि बॅटरीसाठी वाय-फाय बंद असलं की मोबाईल टॉवरवरूनच जागेचा अंदाज बांधतो. तो किलोमीटरभर चुकू शकतो. घराभोवती एक वर्तुळ आखायचं असतं, मोबाईल त्याच्या आत असला की तुम्ही घरी; अँड्रॉइडसाठी गूगल त्याची त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवायला सांगतं. मी ३०० ठेवून पाहिली, तरी घर चुकतच राहिलं.

थंडीचे दिवस होते, सातलाच मिट्ट काळोख. मी आत चहा घेत होतो आणि घरानं धरलं की मी बाहेर गेलो. गोठ्यातला दिवा गेला. आप्पा धार काढत होते. म्हैस बुजली, कासंडी लवंडली, आणि अंधारातून हाक आली, "दिवा का घालवलास रे?"

संगणकशास्त्रज्ञ अनिंद डे यांनी २००१ साली 'संदर्भा'ची, म्हणजे यंत्रानं भोवतालचं काय ओळखायचं याची, जी व्याख्या केली, तिच्यात माणूस, जागा, वस्तू या सगळ्यांची स्थिती येते. आमच्या घराला मात्र एकच मोबाईल कळत होता. आप्पा तर मोबाईल उशाशी ठेवूनच गोठ्यात जातात.

आता गोठ्याच्या दाराशी बटण आहे. दाबलं की आतला आणि वाटेवरचा दिवा लागतो, पाण्याची मोटर वीस मिनिटं चालून थांबते. हब, म्हणजे सगळे स्विच जोडणारी पेटी, घरातच असल्यानं इंटरनेट गेलं तरी अडत नाही. विसरायला होतं, हे खरं. दोनदा दिवा सकाळपर्यंत जळत राहिला. मग दीड तासानं आपोआप बंद होईल असं लावलं.

बेळगावात फ्लॅटमध्ये एकटं राहणाऱ्याला लोकेशनचं कदाचित बरंच जमेल. माझा अनुभव हद्दीवरचा आहे. पण घरात वडीलधारं माणूस आणि जनावर असेल, तर मी बटणच बसवा म्हणेन. फाटकावरचा दिवा अजून लोकेशनवरच आहे. गोठा मात्र मी त्यातून काढला.