पन्नाशीनंतर: तिचं शरीर, त्याचं शरीर

कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर पाळी जाण्याचा विषय निघाला की बोलणं घामाच्या लोटांवर आणि गुडघ्यांवर थांबतं. संबंधांच्या वेळी होणाऱ्या त्रासाबद्दल कुणी बोलत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तिच्यात बदल झपाट्याने होतो. काही वर्षांत अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन जवळजवळ थांबतं, योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, संबंध दुखरे होतात. मग ती टाळते, आणि घरात समज होतो की तिची इच्छाच संपली. इच्छा पुष्कळदा असते. दुखण्याची भीती तिला दाबून टाकते. वंगण जेलने तेवढ्यापुरतं घर्षण कमी होतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम मात्र अस्तरच सुधारतं. त्याला काही आठवडे लागतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारायलाच हवं.

त्याच्यात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन हळूहळू उतरतं, वर्षाला साधारण १ टक्का. त्याचा संबंध मुख्यतः इच्छेशी. लिंगाची ताठरता रक्तवाहिन्यांवर जास्त अवलंबून असते. म्हणून ताठरता कमी झाली तर साखर आणि रक्तदाब आधी तपासा. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी करायची, कमी आलं तर पुन्हा एकदा. जिममधल्या ओळखीवर इंजेक्शनं घेऊ नका: बाहेरून हार्मोन आलं की शुक्राणू तयार होणं मंदावतं.

टेस्टोस्टेरॉन तिच्यातही असतं, पण रक्तातल्या आकड्यावरून तिची इच्छा ओळखता येत नाही. ती तिलाच विचारावी लागते.