लाकडी स्कूटरचे नकाशे: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

विकतच्या नकाशांवरून स्कूटरचं लाकडी मॉडेल करायचं काम दिवाळीनंतर काढलं, उन्हाळ्यात पॉलिश झालं. आता पावसाळाही उलटलाय, म्हणून लिहितोय. लाकूडकामाबद्दल त्याआधी बोलण्यात अर्थ नसतो.

नकाशासंच परदेशी, १:८ मापाचा, जुन्या इटालियन व्हेस्पा स्कूटरचा. आम्हा पुणेकरांची स्कूटर म्हणजे आकुर्डीची बजाज चेतक. तिचं घराणं व्हेस्पाचंच, त्यामुळे सांगाडा तसाच ठेवून मागे स्टेपनी आणि डाव्या बाजूला डिकीचं झाकण घातलं की काम भागतं. टायर ३.५०-१० चा (साडेतीन इंच रुंद, १० इंची रिमचा), बाहेरून व्यास साधारण ४३२ मिमी. म्हणजे मॉडेलला ५४ मिमीचं चाक. प्रिंट काढताना 'अ‍ॅक्चुअल साइझ'च ठेवा आणि नकाशावरची १०० मिमीची रेघ पट्टीने मोजून बघा. 'फिट टू पेज'ने सगळी मापं चोरली जातात.

चाकं, हँडल, सीट यांचे नकाशे उत्तम. दोन्ही बाजूंच्या फुगीर पॅनेलांपाशी मात्र संच हात वर करतो. बाजूने आणि वरून, एवढीच दोन चित्रं. आडवा छेद एकही नाही. आता ही गाडी आखली ती कोराडिनो डास्कानिओ या विमानांच्या इंजिनिअरने. १९४६ च्या त्या व्हेस्पाला वेगळी फ्रेमच नव्हती, वाकवलेला पत्राच सगळा भार घेतो. असल्या अंगात सरळ रेघ शोधून सापडत नाही, मग दोन चित्रांवरून पटाशी चालवायची कशी? शेवटी फोटोंवरून दर १० मिमीला पुठ्ठ्याचा एकेक साचा कापला आणि त्याला लावून कानस मारली. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. इतकं करून नकाशात दोन्ही पॅनेलं एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं दाखवलीत; खऱ्या गाडीत उजवीकडे इंजिन असतं, हे काढणाऱ्याच्या गावीही नसावं.

लाकडं मेपल आणि अक्रोडाची सांगितलीत. मी हलदू आणि शिसम वापरलं, पायाखालच्या भागाला सागवान. सागवान तेलकट, फेविकॉल लावण्याआधी थिनरने पुसून घ्या. पुढचं शील्ड अखंड लाकडातून कोरायला सांगतात, ते ऐकू नका. वळणावर रेशे आडवे येतात आणि तिथेच तडकतं. व्हिनियरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे) थर साच्यावर चिकटवून रात्रभर दाबून ठेवले तर पातळ आणि मजबूत होतं.

पावसाळ्याने फक्त चाकं अडवली. नकाशात लाकडी आस आहे. दमट हवेत ती फुगली आणि चाक जाम. पितळी सळई घातल्यापासून पुन्हा गरगर फिरतंय. ब्रेक-क्लचचे लिव्हरही पितळी तारेचेच करा, कारण घरी आलेला प्रत्येक पन्नाशीचा माणूस मॉडेल उचलतो, तिरकं करतो आणि किक शोधतो.

पहिलंच मॉडेल करणाऱ्याने हा संच घेऊ नये, आधी ट्रक किंवा जीप करावी. कानस हातात बसली असेल तर पैसे वसूल आहेत.