गावच्या घरी डीडी फ्री डिश बसवली : बॉक्स चांगलाच आहे, पण आधी घर तयार करून घ्या

राजापूरकडच्या आमच्या गावच्या घरी डीडी फ्री डिश बसवून आता एक अख्खा पावसाळा पार पडलाय, त्यामुळे आता खात्रीने लिहू शकतो. माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो सेटसोबत आलेल्या वायरीमुळे आणि नटबोल्टमुळे, ते पुढे सांगतो. पण हा रिव्ह्यू बॉक्सचा कमी आणि फिटिंगचा जास्त आहे, कारण बाजारातले बॉक्स सगळे उन्नीस-बीस असतात, सिग्नल सगळ्यांना एकाच उपग्रहावरून येतो, खरा फरक पडतो तो छत्री (म्हणजे डिश) घरावर कुठे, कशाला आणि कुणी ठोकली याने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीची, उपग्रहावरून थेट घरच्या छत्रीवर टीव्ही दाखवणारी सेवा आहे, २००४ च्या डिसेंबरमध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली. महिन्याचा रिचार्ज नाही. छत्री, एलएनबी (छत्रीपुढच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा छोटा डबा), वायर, बॉक्स असा एकदाच काय तो खर्च, साधारण दोन हजाराच्या आसपास, बास. सह्याद्री येतं, बातम्या येतात, पिक्चरचे बरेच चॅनल येतात. पैसे भरून बघायचे मराठी मालिकांचे मोठे चॅनल यात नाहीत, घरात कुणाला ठराविक मालिका लागत असेल तर हे आधीच विचारून घ्या नाहीतर नंतर घरात कुरकुर सुरू होते. क्रिकेटवाल्यांसाठी मात्र भारी गोष्ट आहे, २००७ च्या कायद्यामुळे भारताच्या वनडे आणि टी-ट्वेन्टीचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावा लागतो आणि २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तो दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवता येतो, म्हणजे खाजगी कंपन्यांच्या डिशवर किंवा केबलवर ती मॅच डीडी स्पोर्ट्सला नसते पण फ्री डिशवर असते. बाबांनी याच एका मुद्द्यावर हो म्हटलं.

आता फिटिंगचं. आमच्याकडे याआधी एका खाजगी कंपनीची छत्री होती (नाव घेत नाही). त्यांचा माणूस एप्रिलमध्ये आला, बाइक स्टँडला लावली, समोर पहिली भिंत दिसली तिथे ड्रिल मारलं, मीटरवर सिग्नल आला, सही घेतली आणि गेला. घराच्या आग्नेयेला आमचा सागवान आहे. एप्रिलमध्ये सागाला एक पान नसतं, नुसत्या काठ्या, त्यातून सिग्नल आरपार येत होता. जून-जुलैत त्याला सुपाएवढी पानं फुटली, वर पावसाचं पाणी, आणि टीव्हीवर चौकोन चौकोन पडायला लागले. तक्रार केली तर कस्टमर केअरवाले सांगणार बॉक्स बंद करून चालू करा. झाड समोर उभं असताना बॉक्स बंद चालू करून काय होणार! शेवटी ते कनेक्शन तसंच पडून राहिलं आणि रिचार्जचे पैसे वाया गेले ते वेगळेच.

या वेळी बाजारपेठेतल्या दुकानातून सेट घेतला आणि त्यांनीच फिटर पाठवला. पोरगा वयाने लहान पण कामात एकदम पक्का. आल्या आल्या आईला म्हणाला, "काकी, बॉक्स आत्ता फोडू नका, मी आधी वर जाऊन आभाळ बघतो." मला तिथेच बरं वाटलं. ज्याला बॉक्स उघडायची घाई नाही तो फिटर चांगला, असं माझं आता मत झालंय. सगळ्या घराला फेरी मारली, झाडं बघितली, माकडं कुठून येतात ते विचारलं, टीव्ही कुठल्या खोलीत आहे आणि प्लग कुठे आहे ते बघितलं, मग बोलायला लागला.

हे आभाळ बघणं म्हणजे काय ते नीट सांगतो कारण हे तुम्ही फिटर यायच्या आधी घरच्या घरी करू शकता. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्वेला, जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. आपल्या कोकणातून बघितलं तर तो बरोबर आग्नेयेला येतो, आणि उंचीला जवळपास ६० अंशावर, म्हणजे खूप वर, मान चांगली मागे टाकावी लागते. हिशोब सोपा आहे. झाड छत्रीपेक्षा १७ फूट उंच असेल तर ते छत्रीपासून १० फुटांपेक्षा लांब पाहिजे, ३४ फूट उंच असेल तर २० फुटांपेक्षा लांब, आणि वर वाढीसाठी अजून थोडं सोडा कारण माड आणि साग काय थांबत नाहीत. फोनमधलं होकायंत्र चालतं पण पत्र्याजवळ, लोखंडी खिडकीजवळ किंवा गाडीजवळ उभं राहून बघू नका, तिथे ते सरळ खोटं दाखवतं. मार्चच्या सुरवातीच्या पंधरवड्यात किंवा ऑक्टोबर सुरू होताना तर होकायंत्र पण नको, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळजवळ त्याच जागी असतो, छत्री लावायच्या जागेवर तेव्हा थेट ऊन पडत असेल तर तुमचं आभाळ मोकळं आहे. (त्याच दिवसांत त्या वेळेला चित्र थोडा वेळ जातं पण, सूर्य उपग्रहाच्या मागे येतो म्हणून, घाबरून फिटरला फोन करू नका, काही मिनिटांत आपोआप येतं.)

शेजाऱ्याची छत्री बघून तशीच लावा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. टाटा प्लेची छत्री ८३ अंशाच्या उपग्रहाकडे असते म्हणजे जरा जास्त दक्षिणेला आणि अजून वर, एअरटेलची १०८.२ ला म्हणजे बरीच पूर्वेकडे आणि खाली. त्यांना जे झाड आडवं येत नाही ते तुम्हाला येऊ शकतं. आणि छत्री बघून ती जरा खालीच बघतेय असं वाटतं, तसं नसतं, एलएनबी खालच्या बाजूने पुढे आलेला असतो त्यामुळे छत्री कमी कललेली दिसली तरी तिचं लक्ष त्याहून बरंच वर असतं. आमच्या काकांना हे पटवायला फिटरला बराच वेळ लागला.

मग कशावर ठोकायची. आमचं घर चिऱ्याचं, वर कौलं, पुढे पडवीला पत्रा, मागे बाथरूमवर तेवढा स्लॅब. चिऱ्यात बोल्ट मारला की सुरवातीला घट्ट वाटतो पण चिरा भुसभुशीत असला की वाऱ्याने हलून हलून भोक मोठं होतं. पत्र्यावर तर प्रश्नच नाही, पत्रा स्वतःच थरथरतो. जुन्या अँटेनाचा पाइप अजून उभा होता, बाबांना वाटलं त्यालाच लावू, पाइप फुकट पडलाय. फिटरने तो हाताने हलवून दाखवला. अँटेना हलला तरी चालायचा हो, पण छत्री एखाद-दोन अंश जरी फिरली तरी सिग्नल पडतो. तसाही तो अँटेना आता कामाचा नाही, दूरदर्शनने जमिनीवरचे जुने ॲनालॉग टॉवर मोजके सोडून ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद केले. शेवटी बाथरूमच्या स्लॅबवर जागा ठरली. सिमेंटमध्ये चार फास्टनर, खांब ओळंबा लावून सरळ केला. हा ओळंबा फार महत्त्वाचा, खांब तिरका असला की छत्रीवरचे अंशाचे आकडे काहीच कामाचे राहत नाहीत. आणि स्लॅबवर असल्यामुळे हात पोचतो, पावसाळ्यात कौलावर चढायची कुणाला गरज नाही, माझ्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे कारण घरी दोघंच म्हातारी माणसं असतात.

माकडांचं सांगायचं राहिलं. कोकणात राहणाऱ्यांना सांगायला नको, एक टोळी येऊन गेली की कौलं सरकतात, आणि एलएनबीचा दांडा त्यांना लोंबकळायला बरोबर सापडतो. फणसाची फांदी जिथून स्लॅबवर येत होती ती आम्ही आधीच तोडून घेतली आणि दांड्याला खालून एक जादा पट्टी लावून घेतली. आत्तापर्यंत टिकलीय.

आता अर्धा स्टार का कापला ते. सेटमधली वायर बारीक होती आणि सोबतचे बोल्ट असे की समुद्राकडच्या हवेत वर्षभरात गंज धरणार. फिटरने स्वतःच सांगितलं की ही वायर घरात आतल्या आत ठीक आहे, बाहेर उन्हापावसात आरजी-६ ची चांगली वायर घ्या, बोल्ट स्टीलचे घ्या. थोडे पैसे जास्त गेले पण गेले ते बरं झालं. सेट विकणाऱ्यांनी कोकणात विकताना तरी हे आधीच बघायला पाहिजे, गिऱ्हाइकाला काय कळणार कुठली वायर बाहेर चालते.

वायरीचं काम मी जवळ उभं राहून बघितलं. एलएनबीला जोडायच्या आधी त्याने वायरीचं टोक सोललं, बाहेरच्या जाळीची एक बारीक तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकत होती, ती नखाने बाजूला केली आणि मला दाखवली. याच वायरीतून बॉक्स वरती १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, एक तार टेकली की शॉर्ट, म्हणून बॉक्स चालू असताना वायर जोडायची-काढायची नाही. जोडावर एम-सील, वर टेप. खिडकीतून आत जाताना भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडलं आणि भोकाच्या आधी वायरीला खाली झोल दिला, म्हणजे वायरीवरून वाहत येणारं पाणी झोलातून खाली गळतं, घरात येत नाही. आमच्या जुन्या फिटिंगला वायर सरळ आत घेतली होती आणि भिंतीला कायम ओल, पोपडे.

घरात तुम्ही काय करून ठेवायचं ते पण सांगतो. टीव्हीजवळ दोन प्लग पाहिजेत, एक टीव्हीचा एक बॉक्सचा, आमच्याकडे एकच होता म्हणून वायरमनकडून आदल्या दिवशी बोर्ड वाढवून घेतला आणि अर्थिंग पण तपासून घेतलं. कपाट, पलंग भिंतीपासून सरकवून ठेवा. शिडी शेजारून आणून ठेवा, फिटर बाइकवरून शिडी आणत नाही. टीव्ही जुना डबा असेल तर लाल-पिवळी-पांढरी पिन लागते, नवीन असेल तर एचडीएमआय, हे दुकानात सेट घेतानाच सांगा. आणि बॉक्स एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) वालाच घ्या, जुन्या एमपेग-२ च्या बॉक्सवर सगळे चॅनल दिसत नाहीत. वरच्या खोलीत दुसरा टीव्ही असेल आणि तिथे वेगळा चॅनल बघायचा असेल तर दुसरा बॉक्स आणि दोन तोंडांचा एलएनबी लागतो, ते पण आधीच ठरवा म्हणजे दोन वायरी एकदमच ओढून होतात.

पावसाचा अनुभव. आमच्याकडे जुलैत जो पाऊस लागतो तो लागला की चित्र जातंच, हे कुठल्याही डिशला होतं, या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि जाड थेंब त्या शोषून घेतात. पण पूर्वी नुसती रिपरिप असली तरी जायचं, आता ढगफुटीसारखा ओतला तरच जातं आणि सर ओसरली की लगेच येतं. एक तर आभाळ मोकळं, दुसरं म्हणजे दुकानदाराच्या सांगण्यावरून ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री घेतली. शहरात कदाचित गरज नसेल पण रत्नागिरी-सिंधुदुर्गात राहणाऱ्यांनी मोठीच घ्या, फक्त ती वारा पण जास्त धरते म्हणून खांब तसा मजबूत पाहिजे. विजा चमकायला लागल्या, विशेषतः मे महिन्यात आणि परतीच्या पावसात, की आई पिन तर काढतेच पण बॉक्सच्या मागची वायर पण सोडवून बाजूला ठेवते. हे फिटरनेच तिला शिकवून ठेवलंय, दोनदा करून पण घेतलं तिच्याकडून. छत्रीच्या खांबाला वेगळं अर्थिंग मात्र मीच मागून घेतलं, ते सहसा कुणी स्वतःहून करत नाही, तुम्ही मागा.

फिटरबद्दल एकच सूचना दुकानवाल्यांना, गणपतीच्या तोंडावर बुकिंग घेताना हातात किती माणसं आहेत ते बघून घ्या, त्या दिवसांत चाकरमानी यायच्या आधी सगळ्यांनाच टीव्ही चालू करून पाहिजे असतो आणि मग कामं उरकली जातात. आम्ही मेच्या शेवटी झाडं छाटून झाल्यावर बोलावलं होतं म्हणून त्याला निवांत वेळ मिळाला. दिवाळीनंतर बोलावलंत तरी चालेल, तेव्हा झाडांना पानं असतात म्हणजे खरी अडचण लगेच समोर दिसते.

अजून एक, चॅनलच्या जागांचा लिलाव होतो आणि त्याप्रमाणे चॅनल येतात जातात, नंबर पण बदलतात. एखादा चॅनल अचानक गायब झाला तर छत्रीला हात लावू नका, रिमोटवरून मेनूत जाऊन ऑटो स्कॅन करा. आईला ते एका कागदावर मराठीत लिहून टीव्हीच्या मागे चिकटवून दिलंय, ती स्वतः करते.