मानसिक आरोग्याचा ‘कॅशलेस विमा’ म्हणून 21,238 रुपये 82 पैशांना विकलेलं कार्ड

गेले ते 21,238 रुपये 82 पैसे. पैशांपर्यंतचा आकडा मुद्दाम देतोय, कारण सगळी गोम त्या 82 पैशांत होती आणि पावती तीनदा उघडूनही माझ्या लक्षात आली नाही.

फोनवरचा माणूस अडाणी नव्हता. सुरुवातच त्याने कायद्याने केली. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, कलम 21, पोटकलम 4 : शारीरिक आजाराला ज्या अटींवर विमा मिळतो, त्याच अटींवर मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे. खरं आहे. 31 ऑक्टोबर 2022 पर्यंत सगळ्या पॉलिसी त्या कायद्याप्रमाणे करून घ्या, असं आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, कंपन्यांना बजावलं होतं. तेही खरं. हे मला आधीच माहीत होतं, म्हणून तर माणूस जाणकार वाटला. अर्धवट माहिती असलेलं गिऱ्हाईक यांना सगळ्यात सोपं जातं. मग त्या खऱ्यावर त्याने आपलं चढवलं : वर्षाला 12 सेशन कॅशलेस, गोळ्यांवर 40 टक्के परतावा, वेटिंग पीरियड (क्लेम मिळायला थांबायचा काळ) शून्य, वैद्यकीय तपासणी नाही, फॉर्म नाही.

भूल पडली ती इथे. कायद्याने समानता आली तरी साधी पॉलिसी पैसे देते ते ॲडमिट झाल्यावर, बहुतेक वेळा किमान 24 तास. मानसिक आजारात घर पोखरतो तो खर्च मात्र दर आठवड्याच्या सेशनचा आणि दर महिन्याच्या गोळ्यांचा. तो ओपीडीत मोडतो. त्यासाठी वेगळा रायडर (जादा पैसे भरून घेतलेलं जोड-संरक्षण) घ्यावा लागतो आणि त्यालाही वर्षाची मर्यादा असते. हा खड्डा ज्यांच्या घरात आजार आहे त्यांनाच माहीत असतो, आणि हे लोक नेमके त्या खड्ड्याच्या काठावर दुकान मांडून बसतात.

आता पावती. मूळ रक्कम 17,999. खाली 18 टक्के जीएसटी, 3,239.82. तारीख नोव्हेंबर 2025. वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाच्या एकत्र) आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला होता! पेपरात मथळे होते, घरात त्यावर बोलणं झालं होतं. (ग्रुप पॉलिसीवर तो अजून लागतो, पण हे कार्ड वैयक्तिक म्हणून विकलं होतं.) ‘प्रीमियम’ हा शब्द पावतीवर कुठेच नव्हता, ‘मेंबरशिप फी’ होतं. जीएसटीत सेवेचा प्रकार सांगणारा एसएसी कोड विम्यासाठी 9971 ने सुरू होतो, तिथे भलताच कोड होता. म्हणजे त्यांनी कर बरोबर लावला होता, कारण ते विमा विकतच नव्हते. चोराने खरी पावती दिली आणि मी ती विम्याची म्हणून फायलीत लावली. शरम वाटते ती याची.

दुसरी खूण त्याहून ढळढळीत. विमा कंपनी सहसा आजाराचा इतिहास विचारल्याशिवाय वैयक्तिक पॉलिसी देत नाही. प्रपोजल फॉर्मवर प्रश्न असतो, चालू गोळ्या लिहाव्या लागतात, आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं. इथे काहीच विचारलं नाही आणि आम्ही त्याला सौजन्य समजलो. लाज, लोकांना कळण्याची भीती, ‘फॉर्मवर लिहिलं तर कायमचं राहील’ हा धसका, या सगळ्यावर त्यांचा धंदा चालतो. जिथे फॉर्म आहे तिथेही लपवू नका. पाच वर्षांच्या आत आजार लपवल्याचं सापडलं की क्लेम जातो आणि पॉलिसीही जाते.

12 सेशन म्हणजे काय निघालं, तर ‘वेलनेस कोच’सोबत 25 मिनिटांचा फोन. कोचला आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारला तर तो म्हणाला, ‘आम्ही होलिस्टिक आहोत.’ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्याचं नाव आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत सापडतं, सायकियाट्रिस्ट मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत. ‘कोच’ कुठेच सापडत नाही.

पण कार्डाचे पैसे एकवेळ सोडले. खरा घाव वेगळाच आहे. ‘दोन विमे एकत्र चालत नाहीत, जुनी पॉलिसी रिन्यू करू नका’ असं त्याने सांगितलं. साफ खोटं, दोन काय, तीन पॉलिसी ठेवता येतात. जुनीचे 23,410 रुपये वाचले म्हणून बरंच वाटलं होतं. चार वर्षं चाललेली पॉलिसी, आधीच्या आजाराचे 36 महिने पुरे झालेले. मुदत 4 डिसेंबरला संपली, ग्रेस पीरियडचे (उशिरा हप्ता भरायच्या सवलतीचे) 30 दिवस 3 जानेवारीला. आमचे डोळे उघडले 12 जानेवारीला. नऊ दिवस! आता नवी पॉलिसी म्हणजे 36 महिने पहिल्यापासून. नवं काहीही घ्या, पण नव्या पॉलिसीची प्रत हातात येऊन तिच्यावरचा यूआयएन (विमा योजनेचा ओळख क्रमांक) आयआरडीएआयच्या संकेतस्थळावर जुळेपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नका. जुनीतले दिवस नवीत मोजून हवे असतील तर पोर्टिंग करा, म्हणजे जुनी पॉलिसीच नव्या कंपनीकडे न्या, तेही मुदत संपायच्या आधी अर्ज देऊन.

मग सुरू झाली दारोदार. आयआरडीएआयच्या हेल्पलाइनवर, 155255 वर : ‘ही कंपनी आमच्याकडे नोंदलेली नाही, तक्रार घेता येत नाही.’ अहो, नोंदलेली नाही हीच तर तक्रार आहे! त्यांच्याच बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर कंपनी यादीतून निवडावी लागते, यादीत ती कशी असेल? विमा लोकपालाकडे 50 लाखांपर्यंतचं प्रकरण फुकट चालतं, वकील लागत नाही, पण तेही फक्त नोंदलेल्या विमा कंपन्या आणि दलालांविरुद्ध. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, विचारलं, ‘ओटीपी कोणी चोरला का?’ नाही. ‘मग पैसे तुम्हीच दिलेत.’ पोलीस ठाण्यात हवालदारसाहेबांनी पावती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, ‘जीएसटी भरलाय म्हणजे कंपनी खरी आहे. सिव्हिल मॅटर, ग्राहक मंचात जा.’ वर सल्ला : ‘डोक्याच्या आजाराला कशाला विमा, योगा करा.’ ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 वर, केलेली तक्रार कंपनीकडे गेली, कंपनीने ‘अटींनुसार सेवा दिली’ असं एका ओळीत कळवलं आणि तक्रार ‘निकाली’ निघाली. विमा म्हणून विकलं म्हणून फसलो, आणि विमा नाही म्हणून दाद नाही. पाच ठिकाणी पाच जणांनी हे एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर वाद घालू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 चा (फसवणूक) उल्लेख करून लेखी अर्ज पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) मध्ये ती सोय आहे. पोचपावती जपा. विक्रेत्याला एकच वाक्य लिहायला लावा : ‘हा आरोग्य विमा आहे, विमा कंपनीचं नाव अमुक, यूआयएन तमुक.’ व्हॉट्सॲपवर चालेल. आमच्या माणसाने सगळं तोंडी सांगितलं, लेखी फक्त पेमेंटची लिंक आली. पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव वाचा, तिथे विमा कंपनीचंच नाव हवं. खऱ्या पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक येतं आणि 30 दिवसांत ती परत करता येते. आमच्या कार्डावर बारीक अक्षरांत ‘विनापरतावा’ होतं.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. तिथे अर्ज दिलाय. 21,238.82 मागितलेत, गेलेल्या 36 महिन्यांची भरपाईही मागितली आहे. ती कशी मोजणार, असं तिथल्या कारकुनाने विचारलं. मी रकाना कोरा सोडला होता. त्याने अर्ज परत दिला, आकडा घालून आणा म्हणाला.